पाठीवर मावणारी गिटार

तिला घरात सगळे धाकटी म्हणायचे. वयाची सेहेचाळीस उलटली, स्वतःची मुलगी कॉलेजात गेली, तरी नाव तेच राहिलं. कामावर मात्र ती मशीनवाल्या मॅडम. हॉस्पिटलांतली एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करायचं तिचं काम. महिन्यातले अठरा-वीस दिवस ती गावोगाव फिरायची. एका खांद्यावर हत्यारांची अकरा किलोची बॅग, दुसऱ्या हातात कपड्यांची.

गिटार ती लहानपणी शिकली होती, वडिलांकडून. तिची आणि ताईची मिळून एकच गिटार होती, वडिलांचीच. ताईचं लग्न झालं तेव्हा ती ताईबरोबर गेली. पुढे धाकटीने स्वतःच्या पगारातून एक घेतली, पण एका प्रवासात बसच्या टपावरून उतरवताना त्या गिटारीची मान तुटली. त्यानंतर बारा वर्षं तिने गिटारला हात लावला नाही. वेळच मिळत नाही, असं सांगायची. खरं तर लॉजच्या खोलीत संध्याकाळी सहानंतर वेळच वेळ असायचा. टीव्हीवर कुणी ना कुणी तावातावाने भांडत असायचं आणि ही पायाचे अंगठे बघत बसायची.

दुमडणाऱ्या गिटारीबद्दल तिला मुलीने सांगितलं. नवरा म्हणाला, घ्यायची तर घे, पण आधी हातात घेऊन बघ, नाहीतर ती व्यायामाच्या सायकलसारखी कपडे वाळत घालायला लागेल. त्यात तथ्य होतं. ती सायकल तिचीच होती.

दुकानदाराने तिच्यासमोर तीन गिटारी ठेवल्या. पहिली नुसतीच छोटी होती, आणि धाकटीला आधीच्या दोन बॅगांमुळे ती धरायला हात उरत नव्हता. दुसरीची मान स्क्रू काढून वेगळी करायची होती. दिवसभर स्क्रूच काढणाऱ्या बाईला संध्याकाळी तेच करायची हौस नव्हती. तिसरीच्या मानेच्या बुडाशी बिजागरी होती आणि मागे एक खटका. खटका सोडला की मान मागे दुमडायची, तारा सैल पडायच्या, आणि सगळा संसार शाळेच्या दप्तराएवढ्या पिशवीत बसायचा. ती पिशवी पाठीवर.

तिने ती वाजवली नाही. आधी दुमडली, उघडली, पुन्हा दुमडली. बिजागरीवर अंगठा ठेवून मान हलवून पाहिली. सांधा किंचित डुगडुगत होता. यंत्राचा हात असा डुगडुगला की फोटो हलतो, हे तिला पाठ होतं. ही नको, याच जातीची दुसरी दाखवा, म्हणाली. दुसरीचा सांधा घट्ट होता. मग तिने सूर लावला, गिटार वीस वेळा दुमडून उघडली आणि दर वेळी सूर तपासला. प्रत्येक वेळी तो थोडा उतरायचा, पण सारखाच उतरायचा. म्हणजे भरवसा ठेवण्यासारखी होती. दुकानदार आधी कंटाळला होता, मग काउंटरवर कोपरं टेकून बघत बसला.

"लोक वाजवून घेतात," तो म्हणाला. "दुमडून घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

आवाजाबद्दल मात्र त्याने लपवाछपवी केली नाही. मोठ्या गिटारीचा भरलेला खर्ज हिच्यातून येणार नाही, त्याची आशा धरू नका, असं स्वच्छ सांगितलं.

आणि तसंच झालं. पहिला आठवडा तिला पश्चात्ताप झाला. जाड तार वाजवली की कुणीतरी दाराआडून बोलल्यासारखं वाटायचं. शिवाय बोटांवरचे घट्टे केव्हाच गेले होते. तीन दिवसांत टोकं हुळहुळी झाली आणि हॉस्पिटलात बारीक नट फिरवताना ती ओठ चावायला लागली. गाणीही तीनच आठवत होती, त्यातलं एक अर्धं. पण तिने सोडलं नाही. दार लावायचं, खिडकीशी खुर्ची ओढायची, खटका लावायचा, सूर चढवायचा. लहानशा अंगाची ती गिटार पोटाशी टेकली की आवाज कानाआधी पोटाला कळायचा. दोन महिन्यांत अर्धं गाणं पुरं झालं. कुठल्या गावच्या लॉजला हात नसलेली खुर्ची आहे आणि कुठल्या लॉजचा मॅनेजर भिंतीला कान लावतो, हेही पाठ झालं.

मग एकदा ताईच्या गावाचं काम आलं.

त्या गावात ती आधी दोनदा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा ताईला न कळवता परतली होती. वडील गेले तेव्हा ती दूर एका हॉस्पिटलात यंत्र उघडून बसली होती. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. दारातच ताई म्हणाली होती, तुला माणसांपेक्षा मशीन जवळची. त्याला सात वर्षं झाली. भांडण असं नव्हतं, वाढदिवसाला फोन व्हायचे, तब्येतीची चौकशी व्हायची. पण दोघी फुटलेल्या काचेवरून चालावं तशा जपून बोलायच्या.

या वेळी यंत्राचा एक भाग यायला दोन दिवस लागणार होते. ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून बाहेर पडत होती, तोच समोरून भाऊजी आले. हातात फाइल. तिला पाहून ते चपापले. मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं की आठ महिन्यांपूर्वी ताईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, चालते-फिरते. हात मागे राहिलाय. व्यायामाच्या तारखा घ्यायला ते आले होते.

आठ महिने, आणि आपल्याला पत्ता नाही. धाकटीला आधी राग आला, मग रागाचीच लाज वाटली. तिने विचारलं, कळवलं का नाही. भाऊजींनी चष्मा काढून पुसला. ती नको म्हणाली, एवढंच सांगितलं.

ती तशीच त्यांच्याबरोबर घरी गेली. पाठीवर गिटारची पिशवी होती, ती उतरवून ठेवायचंही सुचलं नाही. ताई स्वयंपाकघरात एका हाताने शेंगा सोलत होती. डावा हात ओट्यावर वजनासारखा ठेवलेला, आणि त्याच्याखाली दाबून धरलेली शेंग. तिने वर पाहिलं, उजवा हात पदराला पुसला आणि म्हणाली, "बस. चहा टाकते."

चहा भाऊजींनीच टाकला. बराच वेळ यंत्राच्या भागाविषयी बोलणं झालं, जणू त्या भागाची सगळ्यांनाच काळजी होती. शेवटी धाकटीनेच विचारलं, मला कळवलं का नाहीस.

ताई कपाकडे बघत म्हणाली, "बाबांच्या वेळी तुला बोलले ते बोलले. त्यानंतर मी आजारी पडले म्हणून तुला कुठल्या तोंडाने बोलवायचं होतं? आणि तू आली नसतीस तर?"

"आले असते."

"ते आज कळतंय."

दोघी रडल्या नाहीत. ताईने नाक ओढलं आणि पाठीवर काय आहे म्हणून विचारलं. धाकटीने गिटार काढून, उघडून, खटका लावून दाखवली. ताईला हसू आलं. म्हणाली, ही गिटार आहे की छत्री?

वडिलांची गिटार त्याच खोलीत भिंतीला टांगलेली होती. भाऊजी दर रविवारी ती पुसायचे. आजारानंतर ताईने एकदाच ती मांडीवर घेतली होती. तार बोटाखाली दबेना, तेव्हा परत टांगायला लावली, आणि तो विषय बंद झाला.

धाकटीच्या लक्षात एक गोष्ट आली. तिच्या गिटारीची मान आखूड होती, तारा मुळातच कमी ताणाच्या. तिने सूर आणखी दोन घरं खाली उतरवला. तारा लोण्यासारख्या मऊ झाल्या. मग गिटार ताईच्या मांडीवर ठेवली.

ताईने उजव्या हाताने डावा हात उचलून मानेवर नेऊन ठेवला. पहिलं बोट तारेवर आलं, दाबलं गेलं. दुसरं निम्म्या वाटेत थांबलं. तिने झणकारलं, तर एक तार वाजली, बाकीच्या खुळखुळल्या. चार वेळा तेच. पाचव्यांदा तिने गिटार बाजूला सारली आणि शेंगा राहिल्यात म्हणून उठून गेली. भाऊजी धाकटीला हळूच म्हणाले, राहू दे आता. धाकटीलाही आपण घाई केली असं वाटलं.

ती त्या रात्री तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलातून परतली तेव्हा ताई गिटार घेऊन खाटेवर बसली होती. दुसरं बोट आता तारेला शिवत होतं. दाबत नव्हतं, पण शिवत होतं. कपाळावर घाम होता. धाकटीकडे न बघता तिने विचारलं, हे बोट इथेच ना?

निघताना धाकटी म्हणाली, गिटार तुझ्याकडेच ठेव, मी दुसरी घेईन. ताईने साफ नकार दिला.

"इथे ठेवलीस तर तीही भिंतीवर जाईल. तू घेऊन येत जा. तू आलीस की वाजवीन."

"मग मला यायला लागेल."

"तेच म्हणतेय."

तेव्हापासून धाकटी पाच वेळा जाऊन आली. हात चमत्कार झाल्यासारखा बरा झालेला नाही. व्यायाम शिकवणारी बाई म्हणते, जेवढा यायचा तेवढा येईल, घाई नको. ताईला दोन स्वरमेळ जमतात. तिसऱ्याला करंगळी दगा देते. तिथे धाकटी शेजारून हात घालून ती एक तार दाबते. दोघींची कोपरं एकमेकींत अडकतात, ताई शिव्या घालते आणि गाणं पुढे सरकतं. मधूनच वडिलांचा विषय निघतो. एकदा ताईने त्यांचे शेवटचे चार दिवस सविस्तर सांगितले. धाकटीने ते आजवर कुणालाच विचारले नव्हते.

मध्ये ताईचा फोन आला. इथल्या हॉस्पिटलचं तुमचं ते मशीन बरेच दिवस बिघडलं नाही, असं तक्रारीच्या सुरात म्हणाली. मशीन खरंच ठणठणीत होतं. धाकटीने नीटच बसवलं होतं. तिने ऑफिसात दोन दिवसांची रजा टाकली. अर्जात कारणाच्या रकान्यात काय लिहावं, याचा जरा विचार केला, मग लिहिलं: बहिणीकडे जायचं आहे.