दंडाचा पट्टा

बाळंतपणाला सहा दिवस झाले होते. घरी सोडताना दवाखान्याने सुनेला प्रेशर मोजायचं मशीन दिलं होतं. रोज दोनदा ती दंडाला पट्टा बांधायची आणि आकडा मोबाइलवरून पाठवायची. सासूला ही थेरं वाटायची.

त्या सकाळी आकडा आला एकशे बासष्ट, एकशे दहा. लगेच नर्सचा फोन आला. सासूने तो सुनेच्या हातातून हिसकावला.

"मशीन बिघडलंय तुमचं. आणि डोकं दुखतंय म्हणून ही नाटकं करतेय, काम टाळायला."

"मग तुमच्या दंडाला लावून बघा," नर्स म्हणाली.

सासूने तावातावाने पट्टा बांधला आणि आकडा फोनवर वाचून दाखवला. एकशे चोवीस, ऐंशी.

"मशीन ठणठणीत आहे," नर्स म्हणाली. "सुनेचं प्रेशर फार वाढलंय. तिला आत्ताच्या आत्ता इकडे आणा. फिटचा झटका आला तर जिवावर बेतेल."

सासूने पट्टा पलंगावर आपटला. "जा. पण बाळाला मी सांभाळणार नाही."

"तुमच्याकडे ठेवणारच नव्हते," सून म्हणाली. बाळाला उचलून तिने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला गाडी काढायला लावली.

पाच दिवसांनी प्रेशर उतरलं. दवाखान्यातून ती थेट माहेरी गेली. सासूने फोन केला नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही.