खुर्ची, लोखंडी, एक नग

"ओढा की जोरात. मी काय काचेची आहे?" मावशी म्हणाल्या.

दोन मुली दोन बाजूंनी त्यांना रबरी सूटमध्ये कोंबत होत्या. सूट काळा, जाड, डाव्या ढोपरावर हिरवं ठिगळ. ठिगळ मावशींनीच सात वर्षांपूर्वी लावलेलं. तेव्हा तो सूट एका धिप्पाड मुलाचा होता, म्हणून तर आता त्यांना होत होता. कमरेपाशी होत होता म्हणण्यापेक्षा त्यांना सहन करत होता.

विद्यापीठाच्या डायव्हिंग क्लबचं सगळं सामान मावशींच्या स्टोअरमध्ये असे. शुक्रवारी कोरडं जाई, सोमवारी ओलं परत येई. सव्वीस वर्षं त्यांनी ते मोजून दिलं, मोजून घेतलं, धुतलं, शिवलं. या तळ्याचा चिखल त्यांनी बुटांतून शेकडो वेळा झटकला होता. तळं मात्र आज पहिल्यांदा पाहत होत्या. राखाडी, गुळगुळीत आणि इतकं गार की काठावरच्या दगडांनाही काकडल्यासारखं वाटावं.

तीन आठवड्यांनी निवृत्ती होती. "एवढी ठिगळं लावली, ती खाली गेल्यावर टिकतात कशी ते एकदा बघायला हवं," असं त्या सहा महिन्यांपूर्वी चहा पिता पिता बोलून गेल्या आणि क्लबच्या सरांनी ते मनावरच घेतलं. तेव्हापासून पोहण्याच्या टाकीत शिकवणी चालली. सगळं जमलं, एक सोडून. मास्कमध्ये पाणी शिरलं की वर न येता नाकाने जोरात हवा सोडून ते बाहेर घालवायचं. मावशी दर वेळी घाबरून वर येत. गेल्या आठवड्यात पाचव्या खेपेला कसंबसं जमलं. नवऱ्याने दोन टॉवेल बांधून दिले होते आणि किती वाजता फोन केला तर जिवंत सापडशील, असं विचारलं होतं.

*शेरा, पहिलं वर्ष. खुर्ची, लोखंडी, एक नग. आढळली नाही. शोध घ्यावा.*

हा शेरा स्टोअरच्या रजिस्टरमधला. एकोणीस वर्षांपूर्वी एका सोमवारी मावशी कामावर आल्या तर त्यांची खुर्ची जागेवर नव्हती. त्याच आठवड्यात तपासनीस आले. मावशींनी जिने पालथे घातले, गच्ची पाहिली, शेजारच्या प्रयोगशाळेशी भांडण झालं. खुर्ची नाही. नवी मागितली तर ऑफिस म्हणालं, तुमच्या नावावर एक आहे की. कागदावर खुर्ची असल्यामुळे मावशी स्टुलावर बसल्या. बसल्या त्या बसल्याच.

*शेरा, चौथं वर्ष. शोध चालू असल्याचे सांगण्यात आले.*

*शेरा, अकरावं वर्ष. अजून?*

सर मावशींच्या गळपट्टीतून कोमट पाणी ओतत होते. थंड पाण्यात उतरण्याआधी सूटमध्ये असं पाणी भरलं की अंग लवकर गारठत नाही. सर याच क्लबचे जुने विद्यार्थी. तेव्हा फार बारीक होते, म्हणून मावशी त्यांना काडी म्हणत. आता पोट सुटलं होतं, तरी मुलं आसपास नसली की काडीच.

"पाणी बाहेर का सांडतोयस?" मावशींनी हळूच विचारलं. "उतरायचंय मला, आणि कापतोयस तू."

"थंडी आहे, मावशी."

मागे मुलं एकमेकांना कोपरं मारत उभी होती. क्लबची अध्यक्ष, ती उंच मुलगी, ओठ दाबून आभाळाकडे पाहत होती. मावशींना वाटलं, आपण रबरात भरलेल्या दुधी भोपळ्यासारख्या दिसतोय म्हणून पोरं हसू आवरतायत.

*शेरा, एकोणिसावं वर्ष. निवृत्तीपूर्वी निकाली काढावे.*

हेच एक टोचत होतं. रजिस्टर नव्या माणसाच्या हाती द्यायचं होतं. सव्वीस वर्षांत एक चमचाही इकडचा तिकडे झाला नव्हता आणि पुस्तकाच्या मधोमध हे भोक.

तर मावशी उतरल्या.

पाणी तोंडाला चावलं. मग आवाजच बंद झाले, फक्त स्वतःचा श्वास: आत, बाहेर, बुडबुडे. हिरवा उजेड. मावशींनी ढोपराकडे पाहिलं. ठिगळ टिकलं होतं. त्यांनी सरांना ते बोटाने दाखवलं, आणि सरांनी मान डोलावली.

सहा मीटरवर क्लबचा लोखंडी मंच होता. नवा माणूस पहिल्यांदा उतरला की त्याने मंचावर जायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं. मंचावर काहीतरी उभं होतं. चार पाय. पाठ.

मावशी जवळ गेल्या. बैठक कधीच कुजून गेली होती, तिच्या जागी कुणीतरी फळी बांधली होती. पाठीला मावशींनीच कधीकाळी घातलेले तांब्याच्या तारेचे सात वेढे. सात, कारण आठव्याला तार पुरली नव्हती. मावशींनी मागच्या पायावरचं शेवाळ अंगठ्याने खरवडलं. खाली पांढरा ऑइलपेंट, बारीक ब्रशने काढलेला रजिस्टरमधला आकडा, एक्केचाळीस. चारच्या शेपटीला त्यांचं नेहमीचं वळण.

त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पाण्यात लिहायच्या पाटीवर एकच अक्षर लिहिलं आणि पाटी पुढे धरली.

*मी.*

मावशींना काय झालं ते त्यांनाच कळलं नाही. गाल वर गेले, मास्क सुटला आणि डोळ्यांपर्यंत बर्फासारखं पाणी भरलं. सर झेपावले. मावशींनी एका हाताने त्यांना थांबवलं, दुसऱ्याने मास्क कपाळाशी दाबला आणि जे हसू येतच होतं ते सगळं नाकावाटे सोडून दिलं. पाणी गेलं. समोर पुन्हा काडी दिसला, रडवेला.

मग मावशी वळल्या, दोन्ही हात टेकवले आणि एकोणीस वर्षांनी आपल्या खुर्चीवर बसल्या.

काठावर टॉवेलात गुंडाळून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भंगार समजून काडीने आणि त्याच्या सोबतच्या पोरांनी पाण्याखालच्या फोटोपुरती उचलली होती. सोमवारी सांगणार होते, तेवढ्यात तपासनीस आले आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. पुढे पहिल्यांदा उतरणाऱ्या प्रत्येकाने तिच्यावर बसायचं, अशी रीतच पडली. एक तुकडी दुसरीला शपथ घालून जाई, की मावशींना कळता कामा नये.

"उद्या सकाळी फुगे बांधून वर काढतो," सर म्हणाले. "सोमवारी तुमच्या स्टोअरमध्ये असेल. लेखी कबुलीही देतो."

"किती जण बसले असतील रे तिच्यावर?"

सरांनी उंच मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, दोनशे तरी. तिने फोनवर फोटो दाखवायला सुरुवात केली. मावशी एकेकाला ओळखत गेल्या, चेहऱ्यांवरून नव्हे, मास्क लावलेले चेहरे सगळे सारखेच, तर सूटवरून. हा तीन नंबर, याची चेन मी बदलली. ही नऊ नंबर, हिने हातमोजा हरवला होता. सगळे त्यांच्या खुर्चीत, पाठ ताठ, साहेब असल्यासारखे.

"राहू दे तिथंच," मावशी म्हणाल्या.

"आणि रजिस्टर?"

"ते मी बघते. तू स्टूल घे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुझ्या ऑफिसात. तीन आठवडे तू स्टुलावर. तुझी खुर्ची माझ्याकडे पाठव."

पोरं इतकी हसली की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली.

सोमवारी सामान ओलंच परत आलं. मावशींनी मोजून घेतलं, सूट वाळत टाकले, त्यांत त्यांचाही एक होता. मग सरांच्या खुर्चीत बसून रजिस्टर उघडलं. खुर्चीला चाकं होती, ती सारखी मागे सरकत होती. म्हणून एका हाताने टेबलाची कड घट्ट धरून त्यांनी दुसऱ्याने लिहिलं:

*खुर्ची, लोखंडी, एक नग. आढळली. ठिकाण: तळे, पाण्याखाली सहा मीटर. समक्ष पाहिली. स्थिती: वापरात.*