पकेटबाईंचं इतिवृत्त

“गटार आहे ते, गटार! घर कसलं!” औषधवाला क्लाइड फेनर टेबलावर मूठ आपटत म्हणाला. “त्या ह्रुश्काच्या तळघरातला वास पार स्टेशनपर्यंत येतो.”

लव्हिनिया पकेटनं मान वर न करता वहीत लिहिलं : ‘सभासद श्री. फेनर यांनी सार्वजनिक आरोग्याविषयी चिंता व्यक्त केली.’

“आणि ही बाहेरून आलेली माणसं आपल्या छाताडावर बसून दारू गाळणार? आपण काय, टाळ्या वाजवायच्या?”

‘श्री. फेनर यांनी कायद्याच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरला.’

जुलै महिन्यातला सोमवार होता. संध्याकाळचे सात वाजले तरी उन्हाची धग कमी झाली नव्हती. कौन्सिलच्या खोलीत पाच पुरुष कोट काढून, बाह्या सारून बसले होते आणि पाचही जण घामाने आणि स्वतःच्या महत्त्वाने थबथबले होते. लव्हिनिया मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी बसली होती. गेली एकोणीस वर्षं ती टॅल्बट गावाची चिटणीस होती. इलिनॉयमधल्या त्या चौदाशे वस्तीच्या गावात एकोणीस वर्षांत तीन नगराध्यक्ष झाले, एक महायुद्ध होऊन गेलं, दारूबंदी आली. पकेटबाई आणि त्यांची वही तेवढी जागची हलली नाही.

गावाचा नियम असा होता की सभेचं इतिवृत्त त्या गुरुवारच्या ‘टॅल्बट क्लॅरियन’मध्ये शब्दशः छापायचं. लोक ते वाचत आणि आपला कारभार सुज्ञ माणसांच्या हाती आहे अशी खात्री बाळगत. हा सुज्ञपणा सगळा लव्हिनियाच्या पेनातून उतरलेला होता, हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. म्हातारे टीग एकदा विहिरीत पडलेल्या आपल्या कुत्र्याबद्दल पंधरा मिनिटं बोलले. तिनं त्यातून ‘पाणीपुरवठ्याबाबत दूरदर्शी सूचना’ काढली. टीगनी ते कात्रण चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं. नगराध्यक्ष होरेस डिलर्डना धड एक वाक्य सुरू करून संपवता येत नसे, पण पेपरात ते सिनेटर वाटत. हळूहळू या माणसांना वाटायला लागलं की आपण खरंच असं बोलतो.

“पण क्लाइड, पुरावा हवा ना,” डिलर्ड म्हणाले. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि त्याच दुकानात मागच्या बाजूला शवपेट्या मिळत. “घराला टाळं ठोकायचं म्हणजे जज्ज पुरावा मागणार.”

“पुरावा? अरे, गेल्या शनिवारी मी स्वतः प्यायलोय की त्याच्याकडे! दोन मग!”

“कशी होती?” बाकीच्या दोघांपैकी एकानं विचारलं.

“झकास होती. पण कायदा म्हणजे कायदा.”

टीगना जरा कमी ऐकू येई आणि सभेत ते बहुतेक झोपलेले असत. ‘झकास’ या शब्दाला त्यांनी डोळे उघडले. “कुठली? डिलर्डच्या तळघरातली?”

“गप्प बसा हो!” डिलर्ड ओरडले. “ती वेगळी. ती औषधाची.”

सगळे खो खो हसले. हसायचं कारणही होतं. दारूबंदी आल्यापासून टॅल्बटमधल्या पुरुषांना जो खोकला जडला होता, तो भर उन्हाळ्यातही हटत नव्हता. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की फेनरच्या दुकानातून व्हिस्कीची बाटली सरकारमान्य मिळे. म्हाताऱ्या ह्रुश्काची बिअर म्हणजे त्या धंद्यातलं एक बारीकसं कुसळ होतं. खरं दुखणं निराळंच होतं. ह्रुश्का खाणीतला पाथरवट. खाणीत टाकून दिलेले चुनखडीचे दगड ढकलगाडीनं आणून त्यानं आठ वर्षांत स्वतःच्या हातानं घर उभं केलं होतं, आणि नवा हमरस्ता आता नेमका त्याच कोपऱ्यावरून जाणार होता. फेनरला तिथे पेट्रोल पंप काढायचा होता. तीनदा विचारून झालं, तिन्ही वेळा ह्रुश्कानं नुसती मान हलवून दार लावून घेतलं होतं.

“कायदा म्हणतो, एक वर्ष टाळं,” फेनर बोट नाचवत म्हणाला. “सत्तरीचा म्हातारा, बायको मेलेली, पोरबाळ नाही. वर्षभर कुणाच्या गोठ्यात झोपेल? एक तर विकेल, नाहीतर मरेल. दोन्ही आपल्या सोयीचं. आणि मेला, तर होरेस, तुझी एक पेटीही खपेल!”

आता मात्र हसण्याचा असा काही स्फोट झाला की डिलर्डना पाणी प्यावं लागलं. डोळे पुसत ते म्हणाले, “बाई, हे काही लिहू नका हं. तुम्ही लिहिता ना नेहमी, तसं आपलं नीट लिहून टाका.”

“त्यांना काय सांगायचं!” फेनर म्हणाला. “टायपरायटरसारखंच आहे त्यांचं. कळ दाबली की अक्षर उमटतं. बरंय की नाही, बाई?”

“ठराव मांडताय का?” लव्हिनियानं विचारलं.

ठराव मांडला, अनुमोदन मिळालं. चार हात वर झाले. टीग पुन्हा झोपले होते. त्यांचं मत होकारात धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत ती पक्की प्रत करायला बसली. अर्धं पान सराईतपणे लिहून झालं. आरोग्य, कायदा, नागरिकांच्या तक्रारी. मग ती त्या पेटीच्या वाक्याशी आली. ‘संबंधित वृद्ध रहिवाशाच्या भवितव्याबाबत...’ तिनं खोडलं. ‘जागेच्या भावी उपयोगाचा विचार करता...’ तेही खोडलं. तिनं चांगलं तासभर डोकं खाजवलं. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चौघा माणसांनी एका म्हाताऱ्याच्या मरणावर पोट धरून हसायचं, याला सभ्य भाषेत शब्दच नव्हता. आणि असता, तर तो शोधून देण्याचं पाप तिच्या माथी आलं असतं. आजवर किती वेळा आलं असेल, कोण जाणे.

तिनं कागद फाडला. वही मिटली, टायपरायटरवर नवा चढवला आणि ऐकलं होतं तसंच पहिल्यापासून टाइप करायला घेतलं : ‘श्री. फेनर : गटार आहे ते, गटार! घर कसलं!’

‘क्लॅरियन’चे संपादक व्हिपल यांनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि खुर्ची ओढून बसले.

“पकेटबाई, बरं आहे ना तुमचं?”

“ठणठणीत आहे.”

“हे... हे छापायचं?”

“नियम आहे. शब्दशः.”

“अहो, पण हे तुमचं वाटत नाही!”

“यात माझा एकही शब्द नाही.”

“तीच तर पंचाईत आहे,” व्हिपल कपाळ पुसत म्हणाले. “आजवर सगळेच तुमचे होते.”

व्हिपल काही शूर नव्हते. पण पेपरवाल्याला भीतीपेक्षा एक भूक मोठी असते. त्यांनी आणखी एकदा ते पेटीचं वाक्य वाचलं, खिडकीतून समोरच्या डिलर्डच्या दुकानाकडे पाहिलं, आणि छापखान्यात ओरडून सांगितलं की या आठवड्यात दुप्पट प्रती काढा.

गुरुवारी दुपारी न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस मोठ्यानं पेपर वाचत होता आणि बाहेर लाकडी फूटपाथवरही माणसं उभी होती. तीन वाजता पाचही सभासद कचेरीत दाखल झाले. डिलर्डचा चेहरा बीटासारखा झाला होता.

“हे काय केलंत तुम्ही?”

“इतिवृत्त.”

“आम्ही असं बोलत नाही!”

“कुठलं वाक्य बोलला नाहीत ते सांगा. पुढच्या अंकात दुरुस्ती देते.”

फेनरनं पेपर उलगडला. बोट ओळीवरून खाली खाली गेलं, थांबलं, आणखी खाली गेलं. शेवटी त्यानं पेपराची घडी घातली.

“माझं नाव बरोबर छापलंय,” टीग म्हणाले. “माझी काही तक्रार नाही.”

“काढून टाका यांना!” फेनर किंचाळला. “आत्ता, या मिनिटाला!”

“त्यासाठी सभा लागेल,” लव्हिनिया म्हणाली. “पाचही जण हजर आहात. घ्यायची का?”

घेतली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की लिहिणार कोण. पाचांपैकी एकाही पठ्ठ्याला ते जमण्यासारखं नव्हतं. लव्हिनियानं वही पुढे ओढली, तारीख घातली, हजेरी मांडली.

“ठराव?”

“मिस पकेट यांना चिटणीसपदावरून दूर करण्यात यावं,” फेनर म्हणाला. “मांडणार मी.”

“अनुमोदन?” कुणीतरी हात वर केला. “कारण काय लिहू?”

ती पेन धरून थांबली. फेनरनं डिलर्डकडे पाहिलं, डिलर्डनी छताकडे. खोटं लिहिलं म्हणावं तर ते छापून आलेलं होतं. खरं लिहिलं म्हणावं तर तेही छापून आलं असतं.

“कारण... कारण नका लिहू,” डिलर्ड पुटपुटले.

‘कारण दिले नाही,’ तिनं लिहिलं. खाली सही केली, शाई टिपून घेतली, वही मिटली आणि छत्री उचलून ती घरी गेली. 

घराला टाळं लागलं नाही. जिल्ह्याच्या सरकारी वकिलानं अर्ज परत पाठवला. सोबत एक ओळ होती : खटला उभा राहिल्यास अर्जदारांनाच मद्यप्राशनाचे साक्षीदार म्हणून बोलवावे लागेल, तरी फेरविचार व्हावा. फेनरच्या पेट्रोल पंपाचं बारगळलं ते बारगळलं.

पण एखाद्याला वाटेल की गावानं पकेटबाईंची पाठ थोपटली असेल, तर त्याला टॅल्बट ठाऊक नाही. गाव आठवडाभर हसलं आणि मग गावाला राग आला, तो तिच्यावर. चर्चमधल्या दारूबंदी मंडळाच्या बायकांनी ठराव केला, तो पिणाऱ्यांच्या विरुद्ध नव्हे, तर ‘घराघरांत जाणाऱ्या वर्तमानपत्रात असभ्य भाषा घुसडल्याबद्दल’ तिच्या विरुद्ध. तिच्याशेजारच्या बाकावर कुणी बसेना. तिला अंड्यांच्या वखारीत काम मिळालं. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर एकेक अंडं धरायचं आणि नासकं निघालं तर बाजूला टाकायचं. एप्रिलमध्ये निवडणूक झाली. पाचच्या पाच सभासद पूर्वीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. “काही म्हणा,” न्हावी म्हणाला, “आपल्यासारखीच माणसं आहेत. पितात, बोलतात. उगाच सोंग नाही.” एकोणीस वर्षं तिनं त्यांना देवमाणसं करून दाखवलं, तेव्हा एवढी मतं कधी मिळाली नव्हती.

निवडणुकीनंतरच्या शनिवारी सकाळी पुढच्या दाराशी दगड घासल्याचा आवाज आला. तिनं पडदा सारला. ह्रुश्का तिच्या दारची जुनी पायरी पहारीनं उचकटत होता. ढकलगाडीत चुनखडीची घडवलेली लादी होती.

“अहो, हे काय?”

“पायरी कललीय,” तो वर न बघता म्हणाला. “रस्त्यावरून दिसते. माणूस पडेल.”

“मी काही सांगितलं नव्हतं.”

“मी पण काही सांगितलं नव्हतं,” ह्रुश्का म्हणाला. “पाद्रीबाबांनी पेपरातलं वाचून दाखवलं मला. सगळं. दोनदा.”

त्यापुढे त्या विषयावर तो एक अक्षर बोलला नाही. तिनं कॉफी आणून दिली, ती त्यानं उभ्यानंच घेतली. दुपारपर्यंत त्यानं खाली गिलावा थापला, लादी बसवली, चारी बाजूंनी दोरी धरून पाहिली आणि लाकडी हातोड्यानं हळूच ठोकली. “उद्यापर्यंत पाय ठेवायचा नाही,” असं बजावून तो गाडी ढकलत निघून गेला.

चारच्या सुमारास फाटक वाजलं. डिलर्ड होते. सकाळी शिंपडलेल्या पाण्यानं अंगणात चिखल झाला होता. ते पायरीशी आले आणि पाय उचलला.

“थांबा,” लव्हिनिया दारातून म्हणाली. “त्यावर पाय देऊ नका. ओलं आहे.”

डिलर्ड मागे सरले. त्यांचे चकचकीत बूट चिखलात रुतले. हॅट काढावी की ठेवावी हे त्यांना कळेना, शेवटी काढली.

“बाई, झालं गेलं... म्हणजे असं की, तो फेनरचा भाचा आहे ना, आता लिहितो तो. लोकांना काही... म्हणजे मलाच कळत नाही मी काय बोललो ते. तर असं, की तुम्ही जर परत... पूर्वीसारखं...”

वाक्य नेहमीप्रमाणे अधांतरी राहिलं. ते तिच्याकडे वर पाहत, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे होते. तिनं ते पूर्ण करून द्यावं म्हणून.

लव्हिनियानं वाट पाहिली. शांतपणे पाहिली. डिलर्डच्या हातात हॅट एकदा फिरली, दोनदा फिरली.

“बरं, मग... येतो,” ते म्हणाले.

“फाटक लावून घ्या,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती मागच्या दारानं, ओल्या गवतातून वळसा घालून दूध आणायला गेली आणि तशीच परत आली. रविवारी सकाळी चर्चची घंटा झाल्यावर तिनं हातमोजे चढवले, पुढचं दार उघडलं, आणि पांढऱ्या दगडावर आधी एक पाऊल ठेवलं, मग दुसरं. जरा वेळ ती तिथेच उभी राहिली. रस्त्यावरून लोक तिच्याकडे न बघता चालले होते.