वाल्मीकच्या तीन अटी

वाल्मीक साधा माणूस आहे, आणि साधी माणसं कधी कधी असं डोकं फिरवतात की विचारू नका.

जळगावात तेव्हा कॉम्प्युटरचं भारी अप्रूप. मोतीलाल सरांनी राहत्या घराच्या माडीवर क्लास काढला होता. मशीनं कमी, म्हणून एका कीबोर्डवर दोघं. मी पतपेढीत कारकून. माझ्या वाट्याला आला वाल्मीक, धुळ्याकडचा, डाळमिलच्या ऑफिसातला. कोपराला कोपर लागत गेलं आणि व्हायचं ते झालं. त्याने घरी सांगितलं, आमच्याकडे निरोप आला, आणि रविवारी त्याची माणसं मला बघायला येणार असं ठरलं.

त्याच आठवड्यात सरांनी इफ शिकवलं. "अट खरी असेल तर हे छापा, नाहीतर ते. घरातलाच एखादा प्रश्न घ्या."

या पठ्ठ्याने काय घ्यावं? सून! घरी विचारूनच आला. सून नोकरी करणारी हवी, ही त्याच्या वडिलांची, उखर्डूआबांची अट. दिवसभर घरी राहणारी हवी, ही आईची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी येणारी हवी, ही दोघांची. तिन्ही अटींच्या मध्ये अँड, म्हणजे तिन्ही खऱ्या ठरल्या तरच पसंत.

"तुझीच माहिती भर ना," लाजत म्हणाला.

नोकरी, हो. दिवसभर घरी, नाही. भाकरी, हो. मशीनने छापलं, नापसंत.

अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझी!

"काहीतरी चूक राहिलीय गं," म्हणत तो एकेक अक्षर तपासत बसला. वहिनीची माहिती भरली, नापसंत. मावसबहिणीची भरली, नापसंत. तेवढ्यात सर आले.

"सर, तुम्ही काम करता?"

"मग हा क्लास कोण चालवतं?"

"दिवसभर घरी असता? कळण्याची भाकरी येते?"

"घर हेच. भाकरी फक्कड येते. का रे?"

मशीनने छापलं, पसंत.

"घे, मिळाली तुला," मी म्हटलं. "मिशा आहेत, पण चालवून घे."

बिचाऱ्याने घाईघाईने अँडच्या जागी ऑर घातला, म्हणजे आता एक अट खरी असली तरी पुरे. मी सरांच्या मांजरीची माहिती भरली. मांजर दिवसभर घरीच. पसंत.

सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "अरे, टायपिंग बरोबर आहे, अटीच एकमेकींच्या आड येतात. अँडच ठेव, पण पहिल्या दोनांतली एक काढ."

"कोणती?" वाल्मीकने माझ्याकडे बघितलं.

"मला विचारू नकोस. रविवारपर्यंत ठरव."

तोंडाने फणकारले, पण आतून पार घाबरले होते. नोकरी मला सोडायची नव्हती, आणि हा आईपुढे कधी चकार शब्द काढत नसे.

रविवारी पोहे झाले, चहा झाला. त्याची आई द्रौपदाबाई माझ्याकडे वळल्या. "पोर गुणी शे. पन दिनभर घर ऱ्हाशी ना?"

मी मान खाली घातली. आमची आई माझ्या वतीने हो म्हणणार, तोच वाल्मीक बोलला.

"माय, ती अट मी काढी टाकी."

आबांच्या हातातली बशी तशीच राहिली. द्रौपदाबाईंनी लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू आज पहिल्यांदा बघताहेत.

"बरं," त्या म्हणाल्या, "कयन्यानी भाकर तरी येस का? का तेबी काढी टाकं?"

"येते," मी म्हटलं. "यांनाही शिकवीन."

त्या खळखळून हसल्या, आणि मला हायसं वाटलं.