आधी सांग, मग कुशीवर वळव

मी चादर बोलतेय. पांघरायची नव्हे हं, अंथरायची. पांघरायच्या चादरीला माणसं गळ्यापर्यंत ओढून घेतात, आमच्याकडे मात्र सगळे पाठ करून झोपतात. असो. सवय झालीय.

माझा जन्म गिरणीतला. निळ्या बारीक चौकड्यांची, जाड सुताची. दुकानात माझ्यावर चिठ्ठी होती, ‘रंग जाणार नाही’. पहिल्याच धुण्यात चिठ्ठी गेली आणि तिच्या मागोमाग रंगही निघाला. तोवर मी एका बसचालकाच्या घरात रुळले होते. घर दोन खोल्यांचं. बसचालक, त्याची बायको, त्यांची लेक आणि बसचालकाची आई. लेकीला सगळे चिमणी म्हणतात. ती लहान असताना तिने मला किती वेळा भिजवलं ते चारचौघांत सांगणार नाही, पोरगी आता शाळेत जाते.

बाहेरच्या खोलीत आजीचा पलंग, त्यावर मी. सगळं बरं चाललं होतं. मग चिमणीच्या आईने नर्सिंगला प्रवेश घेतला.

लग्नाआधीपासूनची तिची इच्छा. चिमणी शाळेत रुळली तसं तिने पुन्हा मनावर घेतलं. वर्गातल्या मुली तिला ताई म्हणतात. एक तर चुकून काकू म्हणाली आणि मग दिवसभर तोंड लपवत फिरली. अभ्यास झेपणार नाही, असं हिला सगळ्यांनी बजावलं होतं. अभ्यासाचं एवढं काही नसतं हो. अवघड असतं ते दमून घरी आल्यावर बेसिनमध्ये तुंबलेल्या भांड्यांकडे बघणं. ती भांडी घासता घासता हाडांची नावं पाठ करायची. ऐकून ऐकून चिमणीलाही ती पाठ झाली. तेवढ्यात इकडे दूध उतू जायचं.

एकदा शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि हिच्या लक्षातच राहिलं नाही. त्या दिवशी युनिफॉर्म न बदलता ती माझ्या काठावर बसून रडली. “धड आई नाही, धड विद्यार्थिनी नाही,” असं स्वतःशीच पुटपुटत होती. माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचत असता तर म्हटलं असतं, अगं, दमलेलं माणूस स्वतःला नेहमी कमीच मार्क देतं. पण तेवढ्यात आजी खोलीत आली आणि ही डोळे पुसून उठली.

कारण दोघींचा अबोला होता. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला.

“चिमणे, सांग तुझ्या आईला, साखर संपलीय.” आई हातभर अंतरावर उभी.

“सांग आजीला, आणलीय.”

बसचालकाने कानाला खडा लावला होता, या दोघींच्या मध्ये पडायचं नाही. सुनेचं शिकणं आजीला पसंत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा.

आता नर्सिंगमध्ये एक काम शिकवतात. पेशंटला पलंगावरून न उठवता त्याच्याखालची चादर बदलायची. त्याला कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, तिच्यामागे नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेलं काम करायचं. सुरकुती राहिली तर पडून असलेल्या माणसाची पाठ सोलवटते, म्हणून चादर ताणून बसवायची. याची परीक्षा होती. घरी सराव करायचा तर पेशंट कोण? चिमणीला गुदगुल्या व्हायच्या, ती हसून लोळायची. बसचालक आडवा झाला की घोरायलाच लागायचा आणि त्याला वळवणं म्हणजे बंद पडलेली बस ढकलणं. शेवटी चिमणी आजीच्या गळ्यात पडली, “आजी, तू पेशंट हो ना गं!”

नातीला नाही कसं म्हणणार? आजी आडवी झाली. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, नुसता ओंडका. सून वळवायची, आजी वळायची. कोणी ब्र काढायचं नाही. सुनेचा हात बसत गेला, शेवटी शेवटी तर माझ्यावर एक सुरकुती पडेना. मीही मनात म्हटलं, पोरीने बाजी मारली.

परीक्षेहून ती आली ती बूट न काढताच खुर्चीत बसली. नापास.

“चादर झकास बसली होती,” ती नवऱ्याला म्हणाली. “मॅडम म्हणाल्या, काम छान, पण तू पेशंटशी एक शब्द बोलली नाहीस. काय करणार आहेस ते आधी सांगायचं, मग हात लावायचा.”

“पण तिथे माणसाऐवजी डमी होती ना, पुतळा?”

“डमीच. मी तेच म्हटलं. तर म्हणाल्या, इथे सवय लागली नाही तर वॉर्डात कुठून येणार? आजारी माणसाला न सांगता वळवलं की ते घाबरतं.”

पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी होती. तीही हुकली तर वर्ष गेलं.

“राहू दे मग,” बसचालक मायेनेच म्हणाला. “किती ओढाताण करून घेशील? चाललंय ना आपलं?”

तिने मान डोलावली. आता ही सोडणार, हे मला कळलं.  

तेवढ्यात पलंगावरून आजी बोलली. थेट. चिमणीला मध्ये न घेता.

“बरोबरच केलं तुझ्या मॅडमनी.”

सून खुर्चीतच वळली.

“तुझं हे आजचं नाही. कॉलेजात नाव घातलंस ते मला कुठून कळलं? शेजारणीकडून, जिन्यात! ‘सून नर्स होणार वाटतं,’ ती म्हणाली आणि मी वेड्यासारखी हो हो करत राहिले.”

“सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणाले असते! चांगली भांडले असते, रुसून जेवले नसते. पण मला कळलं तर असतं. या घरात मला कोणी काही सांगतच नाही. चिमणीला शाळेतून कधी आणायचं, तेवढं सांगता.” 

सून उठून पलंगाशी आली. “चुकलं माझं, आई. भीती वाटत होती मला तुमची.”

“माझी? मी काय खाते की काय माणसं?” आजीने डोळ्यांना पदर लावला आणि धाडकन आडवी झाली. “चल, कर सुरू. आणि आज मी गप्प पडायची नाही, सांगून ठेवते.”

मग काय विचारता!

“आई, आता मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतेय.”

“का? अशी बरी आहे मी.”

“खालची चादर बदलायचीय.”

“कालच बदललीस ना? आणि हात किती गार तुझे! चोळून घे आधी. अगं अगं, पडेन मी!”

“नाही पडणार. मी धरलंय तुम्हाला.”

त्यावर आजीने तिचं मनगट घट्ट धरलं. मग पुन्हा सुरू. आठवडाभर हेच. इतक्या महिन्यांची साठलेली कुरकुर म्हातारीने हातचं न राखता बाहेर काढली. चिमणी मॅडम होऊन मार्क द्यायची. आणि सून वळवता वळवता दिवसभराचं सगळं सांगत सुटायची, वर्गात कोण काय म्हणालं, कशाची धास्ती वाटते. त्या हसण्याखिदळण्यात माझ्यावर सुरकुत्याच सुरकुत्या. पण कोणाला फिकीर!

फेरपरीक्षेच्या दिवशी आजी सकाळपासून खिडकीशी. विचारलं तर म्हणे, हवा खातेय. सून रस्त्यावर दिसताच ती पलंगावर येऊन बसली आणि सून धापा टाकत सरळ पलंगाशी आली.

“आई, झाले पास!”

“नवऱ्याला फोन केलास का?”

“नाही. आधी तुम्हाला सांगायला आले.”

आजीने तोंड फिरवलं, माझा कोपरा ओढला आणि डोळे पुसले. मग म्हणाली, “बूट काढ बाई आधी. घरभर माती करशील.”

आता मी मधोमध विरलेय. उजेडात धरलं तर पलीकडची भिंत दिसते. पलंगावर नवी चादर आहे, मी कपाटात घडी होऊन असते, सरावापुरती बाहेर येते. सून दुसऱ्या वर्षाला आहे. अजूनही दमते, भांडी अजूनही तुंबतात आणि सासू-सून आता मोकळेपणाने भांडतात. एक दिवस माझी फडकी होतील. होऊ देत, माझी तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कोणी, बायको, सून, बहीण, संसार सांभाळून असं शिकायला निघालं तर तिला उपदेश करू नका. तिच्यासाठी थोडा वेळ पलंगावर आडवे व्हा. आणि गप्प पडू नका हो, भरपूर कुरकुर करा.