आडवं आलेलं डुक्कर

मोटारसायकलवरून पडल्यावर आधी गाडीची चावी बंद करावी, असं जाणकार सांगतात. आमच्या भूपेशने आधी भांग नीट केला. त्याला कारण होतं. आंधळगावच्या पुढे एका गावी तो मुलगी पाहायला निघाला होता, आणि ही कितवी मुलगी हे मोजणं घरात केव्हाच बंद झालं होतं.

मी त्याचा मामा. मागे बसलो होतो. त्याचं हेल्मेट माझ्या मांडीवर होतं, कारण ते घातलं की केस बसतात. अर्ध्या डांबरी रस्त्यावर धान वाळत पसरलं होतं, कडेने दगड मांडले होते. गाडी दगडावर चढली, धानात शिरली आणि आडवी झाली. मी ढिगावर पडलो. मला साधं खरचटलंही नाही. याबद्दल भूपेशच्या आईने, म्हणजे माझ्या कुंताताईने, मला अजून माफ केलेलं नाही.

भूपेशचा पाय गाडीखाली होता. लोक धावत आले आणि त्यांनी आधी धान सारून घेतलं.

"डोये फुटले का बे?" ओढणीने तोंड बांधून पायांनी धान पलटवणारी एक मुलगी कडाडली. "एवढाले दगड दिसले नाही?"

भूपेश तुमसरच्या एका राइस मिलमध्ये धान पारखतो. त्याच्या तोंडात दाणे गेले होते. दुसरा कोणी विव्हळला असता; याने दाणा चावून पाहिला.

"ओलं हाय," तो म्हणाला. "अजून दोन उन्हं लागतीन."

धानाचे मालक काठी घेऊन येतच होते, ते हे ऐकून जरा वेगाने येऊ लागले. मी घाईने हात जोडले.

"आम्ही तुमसरचे पाहुणे जी. गोमाजींची मुलगी पाहाले आलो."

काठी हवेतच थांबली, कारण गोमाजी तेच होते. मग तिचाच आधार देऊन त्यांनी भूपेशला बसवलं. "अरे बाप्पा! पाहुणे! खाट आणा रे!" ओढणीवाली मुलगी घरात पळाली.

मग उपचार सुरू झाले. हळद लावा. पाणी देऊ नका. पाणीच द्या. पाय ओढा. एकाने शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याची तारीफ केली आणि त्याने बसवलेला स्वतःचा हात पुढे करून दाखवला. तो हात पाहून भूपेश म्हणाला, "मले दवाखान्यात न्या."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, धानाच्या पोत्यावर पाय ठेवून त्याला नेलं. नडगी मोडली होती. पलस्तर ओलं आहे तोवरच हवालदार आला.

"कसा झाला अपघात?"

रस्त्यावर धान टाकलं की पोलिसांचं लचांड मागे लागतं, हे गोमाजींना ठाऊक होतं. ते छताच्या पंख्याकडे पाहू लागले. भूपेश त्यांच्याकडे पाहू लागला. पोलिसात सासऱ्याचं नाव देऊन आजवर कोणाचं लग्न ठरलेलं नाही.

"डुक्कर आडवं आलं," तो म्हणाला.

"कोण्या बाजूनं?"

"उजवीकून," भूपेश म्हणाला.

"डावीकून," त्याच दमात गोमाजी म्हणाले.

हवालदाराचं पेन थांबलं.

"दोन होते," मी म्हणालो. शिकलेला माणूस सोबत असण्याचा हाच फायदा.

संध्याकाळी कुंताताई आली, रडली, मला बोलली, परत रडली. तेव्हा गोमाजींनी तोड काढली. "पलस्तर सुटेपर्यंत पाहुणे काही येत नाही. आलेच हाय तर कार्यक्रम येथंच उरकू." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने ताबडतोब पाठीशी उशी घेतली.

गोमाजींची मुलगी रुचिता पोह्यांचा डबा घेऊन आली. मुलगी समोर दिसताच रडणाऱ्या ताईमधली वरमाय जागी झाली.

"जरा चालून दाखव बाई."

ती प्रत्येक मुलीला चालायला लावते. मागे एकीचं पाऊल तिला किंचित तिरकं वाटलं होतं.

रुचिता खिडकीपर्यंत गेली, परत आली. "झालं का? आता तुमच्या पोराले सांगा."

भूपेश खरोखरच उठू लागला, तशी सिस्टर ओरडली.

"राहू द्या," रुचिता म्हणाली. "एकच विचाराचं हाय. डुक्कर कोठं होतं?"

आवाज भूपेशने ओळखला. डोळ्यांची चौकशी करणारा तोच आवाज; फक्त तोंडावर ओढणी नव्हती. हवालदार जबाबावर सही घ्यायला परत आला होता आणि कोपऱ्यात गोमाजींचा चहा पीत होता. डुक्कर म्हणावं तर ही समोर उभी होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. खरं सांगावं, तर भांग पाडणारा, पाय मोडलेला जावई कोणाला हवा?

"आरशात," भूपेश म्हणाला. "भांग पाहून राहिलो होतो. दगड दिसलेच नाही."

शेजारचा म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

"मलेबी तेच दिसलं," रुचिता म्हणाली.

गोमाजींना मात्र हे पटेना. "असं कसं जी? एक तरी डुक्कर होतंच!"

"ठेवू का काढू?" हवालदाराने विचारलं.

"काढा," रुचिता म्हणाली. "अन् धानाचंबी लिवा. मीच टाकलं होतं. आणि बाबा, ते ओलंच होतं."

पोलिसांचं गोमाजींनी मनावर घेतलं नाही. ओल्याचं त्यांना फार लागलं.

ताईने घसा साफ केला. "मग बाई, आम्ही काय समजाचं?"

रुचिताने डबा भूपेशच्या हातात दिला. "पोहे खा. डबा पलस्तर सुटल्यावर आणून द्या. रस्त्यापासून घरापर्यंत चालत. मी दारातून पाहीन पाऊल तिरकं पडते का."

ती गेली. भूपेशने पोहे संपवले, केसांकडे हात नेला आणि तसाच खाली आणला. ताई रिकामा डबा बराच वेळ उलटसुलट करून पाहत होती.

"चांगलं पितळेचं झाकण हाय," ती शेवटी मला म्हणाली. "दुसऱ्याचा डबा रिकामा परत करता येत नाही. काय भरून देऊ रे?"