कुंकवाचे बोट

मुरुडच्या बाजारात रावजींच्या सायकल दुकानाचा एक शिरस्ता होता. दुरुस्ती पुरी झाली, की ते हँडलवर कुंकवाचे बोट ओढत. ते दिसले, की गिऱ्हाईक न विचारता सायकल घेऊन जाई. चाळीस वर्षांत त्या खुणेने कोणाला दगा दिला नव्हता.

खंडेनवमीच्या दुपारी त्यांची सून मृणाली आपली रेसची सायकल घेऊन आली. लांबच्या फेरीत तिची मान आखडे, तळवे बधिर होत. रावजींनी तिला भिंतीच्या आधाराने सायकलवर बसवले, कोपरे पाहिली, पाठीचा बाक पाहिला.

"अशी ओणवी बसलीस, तर माझ्याआधी काठी घेशील."

चकत्या घालून त्यांनी हँडल दोन बोटे वर घेतले आणि बोल्ट तात्पुरते हातानेच फिरवून ठेवले. ते पान्याने आवळले नाहीत, तर हँडल वळते, चाक वळत नाही. मृणाली समाधानाने उतरली आणि झेंडू आणायला गेली.

तेवढ्यात कोकिळाबाई तबक घेऊन आल्या. सारी हत्यारे धुऊन पाटावर मांडली होती. एक पाना तेवढा नवऱ्याच्या हातात होता.

"द्या तो. पूजेला बसलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं न्हाय."

रावजींनी निमूट दिला. काम अर्धे आहे, हे मृणालीला सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही. पूजेतली सायकल कोणी हलवते का?

कोकिळाबाईंनी प्रत्येक पान्याला कुंकू लावले. मग दुकानातल्या प्रत्येक सायकलीच्या हँडललाही.

दसऱ्याच्या सकाळी भिंतीशी झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या होत्या.

"काशीदकडे गेली," कोकिळाबाई म्हणाल्या. "कुंकू बघून म्हणाली, बाबांनी काम पुरं केलं. हत्यार उचलायचं नसतं. वाहन फिरवायला कोण अडवतो?"

मृणालीचा फोन घरातच वाजला. रावजींनी पाटावरचा पाना फुलांखालून ओढून काढला. कोकिळाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्या दारातून बाजूला झाल्या.

सपाटीवर हाताने फिरवलेला बोल्ट धरून राहतो. उतार लागेपर्यंत. स्कूटर पिटाळताना रावजी एवढेच घोकत होते.

उताराच्या तोंडाशी ती दिसली. पाठ हलकी, कोपरे सैल. त्यांनी बसवली होती अगदी तशी. हाक ओठांवर आली. पण हाक ऐकून ती मागे वळली तर? त्यांनी ती गिळली.

वळण आले. मृणालीने हँडल वळवले.

हँडल वळले. चाक सरळच गेले.